फेस काढलेली बियर

आमच्या घराण्यात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा पहिला माणूस मी. त्याआधीचे सगळे शेतात. आबा, म्हणजे माझे वडील, शेती सांभाळून हंगामात गुळव्याचं काम करायचे. गुऱ्हाळात काहिलीतल्या उकळत्या रसाकडे नुसतं बघून ‘आता उतरवा’ असं सांगतो तो गुळव्या. घाई केली तर गूळ बसत नाही, उशीर केला तर करपतो. कोरेगावच्या आसपासच्या चार-पाच गावांतून आबांना बोलावणं यायचं. मी साताऱ्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो, तेव्हा त्यांनी गावात पेढे वाटले नाहीत, गूळ वाटला. स्वतःच्या हातचा.

पदवी हातात आली, पण नोकरी काही येईना. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा झाल्या, शाळा झाल्या, एक रंगाचा कारखानाही झाला. शेवटी आमच्या कॉलेजच्या सरांनी एक चिठ्ठी दिली. सांगलीला माधवनगरजवळ एक गृहस्थ काहीतरी कारखाना काढताहेत, त्यांना केमिस्ट हवाय, एवढंच म्हणाले. ‘काहीतरी’ म्हणजे काय ते सरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या चिठ्ठीबद्दल मी सरांचे आजही मनात आभार मानतो.

ते गृहस्थ लष्करातून कॅप्टन होऊन आले होते. एका बंद पडलेल्या गिरणीची कापड रंगवायची शेड त्यांनी भाड्याने घेतली होती. आत दोन मोठी तांब्याची भांडी, एक जुना बॉयलर, जवाची पोती आणि सगळीकडे एक कडसर वास. भिंतींवर अजून निळ्या-लाल रंगाचे ओघळ होते. माझी मुलाखत उभ्या उभ्याच झाली.

‘‘बियर पितोस?’’

‘‘नाही साहेब.’’

‘‘कधी पाहिलीस?’’

‘‘नाही साहेब.’’

‘‘छान. म्हणजे चुकीचं काही शिकलेला नाहीस. उद्यापासून ये.’’

हा सत्तरीच्या दशकाच्या मध्याचा काळ. दारूबंदी सैल झाली होती, तरी प्यायला परवाना लागायचा आणि बनवायला तर परवान्यांची चवड. घरी सांगताना मी काही लपवलं नाही. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना तिने विचारलं, ‘‘तुला प्याया लागती का?’’

‘‘तपासायला लागती आई. चमचाभर.’’

‘‘मग चमच्यानंच पी,’’ ती म्हणाली, आणि एक स्टीलचा चमचा माझ्या ट्रंकेत टाकला.

आबांनी एकच विचारलं. ‘‘चुलीवर शिजवत्यात का?’’ मी हो म्हटल्यावर त्यांचं समाधान झालेलं दिसलं. शिजवायचं काम म्हणजे ओळखीचं काम.

बियर बनवणारे आमचे उस्ताद बंगळूरचे. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. साठी उलटलेली, कपाळावर गंधाची बारीक रेघ, आणि मराठी अशी की बियर कधी ‘तो’ व्हायची तर बॉयलर कधी ‘ती’. त्यांनी मला सगळं हाताला धरून शिकवलं. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, कोमट पाण्यात मुरवून त्याचं गोड पाणी काढायचं. ते पाणी भांड्यात उकळताना त्यात हॉप्स नावाची वाळलेली कडू फुलं टाकायची. मग गार करून यीस्ट घालायचं आणि टाक्यांत आठवडेच्या आठवडे निजवायचं. पुस्तकात मी हे सगळं वाचलं होतं. पण टाकीला कान लावला की आत बारीक चुरचुर ऐकू येते, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

कामगार आजूबाजूच्या खेड्यांतले, बहुतेकांची हयात गुऱ्हाळावर गेलेली. त्यामुळे एका वेळच्या मालाला ते गुऱ्हाळासारखंच ‘आदण’ म्हणायचे. पुढे अण्णाही म्हणू लागले. आणखी एक सवय त्यांनी बरोबर आणली होती. आमच्याकडे गुऱ्हाळावर आलेला माणूस रस प्यायल्याशिवाय आणि गरम गुळाचा खडा खाल्ल्याशिवाय परत जात नाही. मग तो ओळखीचा असो की वाट चुकलेला. नवं आदण लागलं की कामगारांना वाटायचं, दारावर येणाऱ्याला काहीतरी दिलंच पाहिजे. बियर देता येत नव्हती. एक्साइजचे जमादार दारातच खुर्ची टाकून बसायचे आणि बाटली न् बाटली मोजायचे. मग तोड निघाली. यीस्ट पडायच्या आधीच्या गोड पाण्यात काही नशा नसते. ते एका बादलीत काढायचं आणि येईल त्याला पेलाभर द्यायचं. गिरणीच्या चाळीतल्या बायका तांबे घेऊन यायच्या. खुद्द जमादारही दोन पेले प्यायचे आणि मिशा पुसत म्हणायचे, ‘‘ह्याची काय नोंद न्हाई बरं का.’’

तर असा आमचा कारखाना. मला तो फार आवडायचा. पण माल खपत नव्हता. मोठ्या कंपन्यांच्या बाटल्यांपुढे आमची बाटली कोण विचारणार? एके दिवशी कॅप्टनसाहेबांनी अण्णांना आणि मला बोलावलं.

‘‘दिवाळीनंतर साताऱ्यात माजी सैनिकांचा मेळावा आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तिथे कॅन्टीनची समिती तीन कारखान्यांची बियर चाखून बघणार. एकालाच पुरवठा मिळेल. तो आपल्याला मिळाला तर ठीक. नाही मिळाला, तर कारखाना बंद करून मी ही शेड पाइपवाल्याला देतो. त्याला गोदामाला जागा हवीय, निरोप येऊन पडलाय. अण्णा, तुम्ही बंगळूरला. आणि तू, ग्रॅज्युएट, कोरेगावला.’’

मी त्या रात्री नीट जेवलो नाही. कोरेगावला परत जाणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. शेताची लाज मला कधी वाटली नाही. पण अख्ख्या गावाने माझ्या पदवीचा गूळ खाल्ला होता.

मेळाव्यासाठी नवं आदण लावायचं ठरलं, आणि नेमकी अडचण आली. उकळीच्या शेवटी अण्णा त्यात समुद्री शेवाळाची एक पूड टाकत. तिच्यामुळे गाळ धरला जातो आणि बियर नितळ होते. ती पूड मुंबईहून यायची, ती आलीच नाही. मागचं आदण तिच्याशिवाय केलं होतं, तर बियर तांदळाच्या धुवणासारखी गढूळ झाली होती. अण्णा डोकं धरून बसले.

भाद्रपद चालू होता. गुऱ्हाळं बंद, म्हणून आबा मोकळे. माझं काम बघायला म्हणून ते चार दिवस सांगलीला आले होते. धोतर, पटका, हातात पिशवी. भांड्याभोवती दोनदा फिरले, आत डोकावले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘भेंडी न्हाई व्हय घालत?’’

गुऱ्हाळात रस नितळ करायला रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजवतात आणि ते बुळबुळीत पाणी काहिलीत ओततात. सगळी घाण फेसाबरोबर वर येते. तिला मळी म्हणतात. ती झाऱ्याने काढून टाकायची. मी अण्णांना हे सांगितलं, तेव्हा ते आधी हसले. मग थांबले. मग म्हणाले, ‘‘त्यात गंध आहे काय? चव?’’

आबा म्हणाले, ‘‘आवं, माझा गूळ खाल्ला का कधी? लागली का भेंडी?’’

त्यांच्या पिशवीत गूळ होताच. अण्णांनी खडा खाल्ला, जिभेवर घोळवला, आणि दोन कामगारांना भेंडी आणायला मळ्याकडे पिटाळलं. त्या दिवशी भांड्यापाशी आबा उभे राहिले. भेंडीचं पाणी पडलं तसा तपकिरी फेस वर आला. आबा झाऱ्याने तो काढत होते आणि अण्णा मागे उभे राहून ‘‘शाबास, शाबास’’ म्हणत होते. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण भांड्यापाशी त्यांचं काही अडलं नाही. सहा आठवड्यांनी बियर बाटलीत भरली, तेव्हा तिच्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येत होतं. अण्णांनी आबांना खास निरोप धाडला की मेळाव्याला आपण आलंच पाहिजे.

मेळावा साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याच्या मैदानावर होता. कनाती लावल्या होत्या, लाउडस्पीकरवर बँडची तबकडी वाजत होती आणि दहा वाजल्यापासून पेन्शनर मंडळी येत होती. पटके, मिशा, कोटावर पदकं आणि हातात कॅन्टीनचं कार्ड. खेड्यातल्या माणसांना बियर काय कळणार असं कुणाला वाटेल. पण या माणसांनी अंबाला, जबलपूर, मेरठ सगळीकडची प्यायलेली. त्यांच्या इतके पारखी मी नंतर मोठ्या शहरांतही बघितले नाहीत. तीन कारखान्यांची तीन टेबलं. एका टेबलावर रंगीत छत्री, छापील टोप्या, सुटातला मॅनेजर. दुसऱ्यावर पंखा. आमच्या टेबलावर कॅप्टनसाहेबांच्या घरची चादर. प्रत्येकाला मोजक्याच पेट्यांचा परवाना, त्यावर एक्साइजचं सील. त्याशिवाय एकेक लाखबंद बाटली नमुना म्हणून समितीच्या टेबलावर ठेवलेली, ती दप्तरी जमा व्हायची.

आमच्यापुढे दोन म्हातारे ग्लास उंच धरून उभे होते.

‘‘ही बघ गड्या. अशी अंबाल्याला मिळायची. बर्फातनं काढली की बाटलीला घाम.’’

‘‘तू अंबाल्याला कवा हुतास? तू तर सगळी नोकरी लंगरखान्यात काढलीस.’’

‘‘मग बर्फ कुणाच्या ताब्यात असतो रं?’’

‘‘आन् ह्यो फेस बघ की. अर्धा गिलास फेसानंच भरलाय.’’

‘‘त्या छत्रीवाल्याकडं जा. तितं फेस बी न्हाई आन् चव बी न्हाई.’’

अण्णा खूश होते. ओतताना ते ग्लास तिरका धरायचे आणि शेवटी सरळ करायचे. वर दोन बोटं पांढराशुभ्र फेस उभा राहायचा. मला ते नेहमी सांगायचे, फेस म्हणजे बियरचा चेहरा. ताजी आहे का, नीट मुरली का, सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं. मागे बर्फाच्या भुशापाशी आबा ग्लास धूत बसले होते. ते हे सगळं बघत होते आणि त्यांच्या कपाळाला आठी होती. मला ती दिसली, पण मी काही विचारलं नाही. तिथेच माझं चुकलं.

दुपारी समिती निघाली. पाच जण, आणि प्रमुख एक निवृत्त सुभेदार मेजर. उंच, पांढऱ्या कल्लेदार मिशा, छातीवर पदकांची ओळ. आधी छत्रीवाला, मग पंखेवाला, शेवटी आम्ही. बाकीच्या पेट्या गर्दीत संपल्या होत्या, समितीसाठी आम्ही सहा बाटल्या तेवढ्या राखून ठेवल्या होत्या. नेमका तेव्हा कॅप्टनसाहेबांनी अण्णांना समितीच्या कारकुनाकडे काही कागद समजावून सांगायला नेलं, आणि इकडे बर्फ संपत आला. मी फाटकाकडे पळालो. जाताना आबांना म्हणालो, ‘‘आबा, साहेब लोक येत्यात. पाच गिलास तेवढं भरून ठेवा. मी आलोच.’’

बर्फाची लादी खांद्यावर घेऊन परत आलो, तर टेबलावर पाच ग्लास काठोकाठ भरलेले. सोनेरी, नितळ आणि निपचित. तेलाने भरावेत तसे. फेसाचा एक बुडबुडाही नाही. शेजारच्या भजीवाल्याचा झारा आबांच्या हातात होता आणि पायाशी मातीत पांढरा फेस विरत होता. सहाच्या सहा बाटल्या रिकाम्या.

‘‘लय मळी हुती रं,’’ आबा घाम पुसत म्हणाले. ‘‘काढली की परत यायची, काढली की परत यायची. मग वरनं भर घातली. आता बघ कसं झालंय.’’

‘‘आबा...’’

‘‘तुमचे अण्णा मानूस चांगला हाय, पर लोकांस्नी मळीसकट देतोय. गर्दीत चालतं. साहेब लोकांस्नी चालंल व्हय?’’

तेवढ्यात अण्णा आले. त्यांनी ग्लासांकडे बघितलं, झाऱ्याकडे बघितलं आणि खाली बसले. ‘‘फेस येल्लि?’’ एवढंच म्हणाले. कुठे गेला फेस? आबा अण्णांकडे आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. काहिलीतला गूळ करपला की तो जसा उतरायचा, तसा.

‘‘काय चुकलं का रं?’’

उत्तर द्यायला सवड नव्हती. कॅप्टनसाहेबांबरोबर समिती टेबलापाशी आली होती. सुभेदार मेजरांनी ग्लास उचलला, उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला. एक घोट घेतला. दुसरा घेतला.

‘‘जीभ म्हणतीया, चांगली हाय,’’ ते म्हणाले. ‘‘डोळं म्हणत्यात, शिळी हाय. कवाची उघडून ठेवलीया?’’

कॅप्टनसाहेब काही बोलायच्या आत मी पुढे झालो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

‘‘साहेब, शिळी नाही. आत्ताच उघडली. हे माझे वडील. गुळवे आहेत. गुऱ्हाळात फेस म्हणजे मळी, ती काढायचीच असते. इथे तो ठेवायचा असतो हे त्यांना मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. चूक माझी आहे.’’

समितीतला एक जण हसला. दुसऱ्याने वहीत काहीतरी लिहिलं. कॅप्टनसाहेबांनी मान दुसरीकडे वळवली. माझ्या मनात पाइपवाला शेडमध्ये शिरलासुद्धा.

आबा झारा खाली ठेवून पुढे आले. पटका नीट केला.

‘‘आवं साहेब, पोराला कशाला बोल लावता? केलं म्या हाय. त्याचं आदण झाक हाय. म्या सोता उभा ऱ्हाऊन बघितलंय. तुमी माझ्या हातावर मारा, त्याच्या पोटावर मारू नगा.’’

सुभेदार मेजरांनी ग्लास खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, ‘‘गाव कुठलं?’’

आबांनी सांगितलं.

‘‘व्हय काय? तुमच्या शिवंला लागून माझ्या मेव्हण्याचं गुऱ्हाळ हाय. तितला गुळव्या लय बेकार. दर साली दोन आदणं घालवतो.’’

‘‘त्याची काहील वाकडी हाय,’’ आबा लगेच म्हणाले. ‘‘त्यो गुळव्या बरा हाय. काहील बदला म्हणावं.’’

समितीचा कारकून घड्याळ बघत होता. सुभेदार मेजर वळले आणि त्याला म्हणाले, ‘‘ह्यांची नमुन्याची बाटली आण.’’

‘‘साहेब, ती लाखबंद आहे. दप्तरी जमा करायची आहे.’’

‘‘दप्तराला काय चव कळतीया? आण.’’

मग कारकुनाने एक्साइजच्या साहेबांकडे बघितलं, एक्साइजच्या साहेबांनी लाउडस्पीकरकडे बघितलं, आणि बाटली आली. सुभेदार मेजरांनी स्वतः लाख फोडली. बाटली बर्फात घालायलाही वेळ नव्हता. त्यांनी ती आबांच्या हातात दिली.

‘‘आता तुमीच ओता. आन् हात आवरा.’’

सगळे टेबलाभोवती गोळा झाले. मघाचे दोन म्हातारेही घुसले. अण्णा उठून आबांच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी रिकाम्या हाताने ग्लास तिरका धरून दाखवला. आबांनी तसा धरला. बियर काचेवरून घसरत खाली गेली. अण्णांनी हात सरळ केला, आबांनी सरळ केला. फेस वर यायला लागला. एक बोट, दोन बोटं. आबांचा उजवा हात आपोआप झाऱ्याकडे गेला.

‘‘आबा!’’ मी ओरडलो.

‘‘बेडा, बेडा!’’ अण्णा ओरडले. नको, नको.

‘‘न्हाई, न्हाई,’’ आबांनी हात कमरेमागे धरला. ‘‘जातच न्हाई सवय.’’

अख्खं टेबल हसलं, आणि मग शांत झालं. फेस उभा होता. तो किती टिकतो ते मोजायला अण्णांनी खिशातून घड्याळ काढलं. मी त्या फेसाकडे असा बघत होतो की परीक्षेच्या निकालाकडेही तसं बघितलं नसेल. तो बसला नाही. काठाशी घट्ट दाट राहिला, आणि त्याच्याखाली बियर इतकी स्वच्छ की पलीकडच्या माणसाच्या कोटाची बटणं मोजावीत. सुभेदार मेजरांनी ग्लास तोंडाला लावला, न थांबता अर्धा केला, आणि खाली ठेवला तेव्हा त्यांच्या मिशा फेसाने आणखी पांढऱ्या झाल्या होत्या. उरलेली बाटली बाकीच्या चौघांत घोट घोट वाटली गेली. वहीवाल्याने आधी लिहिलेलं खोडलं.

‘‘सहा महिनं देऊ,’’ सुभेदार मेजर कॅप्टनसाहेबांना म्हणाले. ‘‘त्यात माल घसरला तर बंद. कबूल?’’

कॅप्टनसाहेबांनी एकदम टाचा जुळवून सलाम ठोकला. हुद्द्याने ते मोठे, पण त्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्याही नाही. छत्रीवाल्या मॅनेजरने नियमाचं काहीतरी काढलं. त्याचं कुणी ऐकून घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आमच्या वाट्याला न्यायापेक्षा थोडं जास्तच आलं. ते मी विसरलेलो नाही.

अण्णांनी आबांच्या दोन्ही हातांना हात लावून ते आपल्या कपाळाला लावले. आबा ओशाळले. मला हळूच म्हणाले, ‘‘झालं व्हय तुझं काम?’’

‘‘झालं आबा.’’

‘‘मग मला तू आधीच सांगायचंस की. इतकी चांगली वस्तू मातीत घालवली म्या.’’ त्यांनी पायाशी ओल्या मातीकडे बघितलं, आणि त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

सुभेदार मेजरांनी त्यांना हाक मारली. मेव्हण्याच्या काहिलीचं नेमकं काय वाकडं आहे, ते त्यांना समजून घ्यायचं होतं. आबा जमिनीवर बसले, मातीत बोटाने चूल काढली, तिच्यावर काहील काढली, जाळ कुठून लागतो ते दाखवू लागले. मिशीवरचा फेस न पुसताच सुभेदार मेजर त्यांच्यासमोर उकिडवे बसले. मी सहा रिकाम्या बाटल्या पेटीत भरल्या, भजीवाल्याचा झारा धुऊन परत दिला, आणि शेडमध्ये पुढचं आदण कधी लावायचं ते अण्णांना विचारायला गेलो.